पुरी रेस

"पुरी रेस दाबा!"

बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकून मिस्त्री हे असं काही ओरडायचे, की रस्त्यापलीकडे माझ्या काउंटरवरचा चहा हिंदकळायचा. रेस म्हणजे अॅक्सिलरेटर. काळाचौकीला हे कुणाला सांगावं लागत नाही, पण तुमच्यापैकी काहींनी गॅरेजच्या दारात कधी तासभर काढला नसेल, म्हणून सांगितलं. वर्षानुवर्षं मी ती आरोळी ऐकली. इतकी, की घरी कुकरची शिट्टी व्हायला उशीर झाला तर माझ्याही तोंडून तेच निघायचं.

फक्त एकदा, घसा ठणठणीत असताना, ते ओरडले नाहीत. त्या दिवशी मी जी हबकले ती अजून पुरती सावरलेली नाही. आणि त्यानंतर जे जे झालं ते ऐकलंत तर तुम्हीही तोंडात बोट घालाल.

माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. पिस्टन रिंग, गॅस्केट, प्लग, बेल्ट, काय हवं ते डोळे मिटून काढून देईन. पण गाडी चालवायची म्हटलं तर पाचावर धारण बसते. ड्रायव्हरच्या सीटवर मी जन्मात कधी बसले नव्हते. मिस्त्री यावरून माझी फार चेष्टा करायचे. "वहिनी म्हणजे मासळी विकणारी शाकाहारी," असं गिऱ्हाइकांना सांगायचे. मी मालवणी. मला शाकाहारी म्हणणं ही केवढी शिवी आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ते घोडपदेवच्या चाळीत वाढलेले. गॅरेज म्हणजे एक शटर, एक खड्डा आणि बाहेर फूटपाथला लागून दोन गाड्यांची जागा. सकाळी शटर उघडता उघडता मोठ्याने पंचशील म्हणायचे. शटरचा खडखडाट आणि पाली शब्द एकत्रच कानावर पडायचे. चौदा एप्रिलला गॅरेज बंद, आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर आवाज बसलेला. त्या दिवशी "पुरी रेस दाबा" हातवारे करून सांगायचे.

कोणतंही गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे स्वतःचं निदान तयार असायचं.

"मिस्त्री, गाडी खेचत नाय. इंजिन गेलं वाटतं."

"तुम्हाला वाटतं. आधी दाब बघू, मग बोलू."

हे दाब बघणं म्हणजे एक सोहळा. इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, आणि प्लगच्या भोकात ते घड्याळासारखं गेज फिरवून बसवायचं. आता स्टार्टर मारला की आतला पिस्टन हवा दाबतो, आणि ती किती दाबली गेली हे सुई दाखवते. सगळे सिलिंडर सारखे चढले तर इंजिन धडधाकट. एखादा मागे राहिला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा बघायचं. तेलाने सुई चढली तर रिंग झिजलेल्या, नाही चढली तर व्हॉल्वमध्ये गडबड. तो चमचा त्यांच्या घरचा होता, लग्नात आलेल्या सेटमधला. बायको वर्षभर शोधत होती. एक दिवस डबा द्यायला आली आणि तिला तो ग्रीसने माखलेला दिसला. पुढचं मी सांगत नाही.

स्टार्टर मारायला मिस्त्री दुसऱ्या कुणाला बसवत नसत. गाडी ज्याची, त्यानेच आत बसायचं. "पेशंटचा माणूस आत पाहिजे," म्हणायचे. मग आरोळी ठोकायची, सुई चढली की गेज काढून थेट मालकाच्या नाकासमोर धरायचं आणि म्हणायचं, "बघा तुमच्या डोळ्यांनी. उद्या मिस्त्री बोलला म्हणून नको."

एकदा एक पाववाला आपला टेम्पो घेऊन आला. जीव त्या टेम्पोत अडकलेला. भीतीने त्याने रेसवर नुसता पाय टेकवला, दाबलाच नाही. सुई अर्ध्यावरच थांबली. दुसऱ्या सिलिंडरला तेच, तिसऱ्याला तेच. पाववाल्याचे डोळे पांढरे झाले. मिस्त्री वाकून आत बघतात तर पाय वरच! असले भडकले म्हणता. "अहो, रेस दाबली नाही तर हवा आत जाणार कुठून? हवाच नाय तर पिस्टन दाबणार काय? चांगलं इंजिन तुमच्या पायाने मेलं असतं!" मग पाववाल्याने दात ओठ खाऊन दाबली आणि सुई सरसर वर गेली. त्याने आनंदाने आम्हा दोघांना पाव दिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खोटं बोलण्याच्या बाबतीत हा माणूस अगदी अडेलतट्टू होता. सख्ख्या मेहुण्याला आपली गाडी शेजाऱ्याला विकायची होती. शेजारी म्हणाला, मिस्त्रींना दाखवू. मेहुणा खूश, घरचाच माणूस. मिस्त्रींनी गेज लावलं, आणि मेहुणा शेजारी उभा असताना त्या घेणाऱ्याला म्हणाले, "तिसऱ्यात दाब नाही. घेऊ नका." मेहुणा लालेलाल. घरी बायकोने बोलणं टाकलं. बरेच दिवस डब्यात नुसती चपाती आणि लोणचं येत होतं. मी माझ्या डब्यातलं सुकं द्यायची.

"एवढं कशाला, मिस्त्री? गप्प बसला असता तर चाललं असतं," मी म्हटलं.

"सुईला मेहुणा नसतो, वहिनी."

आता उस्तादांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरूनच घडलं.

मिस्त्री तरुणपणी शिवडीला एका ट्रान्सपोर्टच्या गॅरेजात लागले, तेव्हा तिथले मुख्य मेकॅनिक म्हणजे हे उस्ताद. मूळचे साताऱ्याकडचे. मिस्त्रींच्या हातात पहिलं गेज त्यांनी दिलं. ती आरोळीसुद्धा मूळ त्यांचीच. पुढे उस्ताद निवृत्त झाले, बायको वारली, मुलगा डोंबिवलीला गेला, आणि ते आमच्या रस्त्यामागच्या चाळीत एकटे राहिले. त्यांच्याकडे एक जुनी, पांढरी, छोटी गाडी होती. रोज सकाळी चाळीतली पोरं कोंबून ते शाळेत सोडायचे आणि दुपारी आणायचे. फुकट. पोरं त्यांना आजोबा म्हणायची, आणि मागच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर बसून आरडाओरडा करायची. तेवढ्यासाठी म्हातारा पहाटे उठून दाढी करायचा.

दुकानाबाहेर भिंतीला लागून माझं एक लाकडी स्टूल असायचं. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनची ती जागा. गिऱ्हाईक नसलं की मी तिथे बसून शेंगा खात असे. त्या सकाळी मी तशीच बसले होते. आत फोन वाजला म्हणून उठले. दुकानाची पायरी चढते न चढते तोच मागे काडकन आवाज झाला. वळून बघते तर स्टूल नाही!

उस्तादांची गाडी डावीकडे वळली होती आणि स्टूल तिच्या खाली अडकून फरफटत चाललं होतं. मागच्या काचेतून पोरं मला हात करत होती. मिस्त्री हातातला पाना टाकून धावले, पुढे जाऊन बॉनेटवर दोन्ही हात आपटले, तेव्हा कुठे गाडी थांबली.

उस्ताद खाली उतरले. स्टुलाचे तुकडे बघितले आणि माझ्याकडे येऊन मलाच झापलं, "वहिनी, रस्त्यात स्टूल कोण ठेवतं?"

 मी पायरीवरच बसले. मी बसलेली असते तर त्या तुकड्यांत मीही असते, एवढंच डोक्यात घुमत होतं. उस्तादांना काहीच लागलं नव्हतं, काहीच दिसलं नव्हतं. आवाजसुद्धा पोरांच्या दंग्यात ऐकू आला नव्हता.

मिस्त्रींनी मुलाला डोंबिवलीला फोन लावला. तेव्हा कळलं. काचबिंदू. समोरचं नीट दिसतं, बाजूचं गेलंय. डॉक्टरांनी गाडी केव्हाच बंद करायला सांगितली होती. मुलाने एकदा चावी लपवली, तर म्हाताऱ्याने अन्न सोडलं. शेवटी मुलानेच रडून चावी परत दिली.

"पोरांच्या आयांना सांगा," मी म्हटलं. "काढून घेतील पोरं."

"घेतील. मग म्हातारा एकटाच गाडी घेऊन फिरेल. रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं नाहीत काय?" मिस्त्री म्हणाले. ते मोडक्या स्टुलाचा एक पाय हातात घेऊन उभे होते. "चावी त्यांनी आपणहून दिली पाहिजे, वहिनी. काढून घेतली तर माणूस मरेल, नाही घेतली तर कुणाला तरी मारेल."

त्याच दुपारी त्यांनी उस्तादांना गाठलं. मी माझ्या काउंटरवरून ऐकत होते.

"उस्ताद, आता बस करा."

"का? गाडी चालत नाय का?"

"गाडी चालते. तुम्ही..."

"ए, मला शिकवू नको. दसऱ्याला दाब बघतोस ना? ज्या दिवशी सुई पडेल, त्या दिवशी चावी तुझ्या हातात देईन. माझा शब्द. तोवर तोंड बंद."

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी उस्ताद आपल्या गाडीचा दाब बघून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी गाडीला हार घालायचा, तर इंजिन खणखणीत असल्याची खात्री पाहिजे, अशी त्यांची रीत. आणि ते इंजिन होतंच खणखणीत. दर वर्षी सुई चढायची आणि उस्ताद मुलाचा निकाल लागल्यासारखे रस्ताभर सांगत सुटायचे. म्हणजे चावी सुटणार नाही, हे स्वच्छ दिसत होतं. मी मनात म्हटलं, आता देवालाच काळजी.

चारच दिवसांनी दसऱ्याचा आदला दिवस उजाडला. मिस्त्रींनी नवे प्लग मागवले होते, ते द्यायला मी पलीकडे गेले आणि तिथेच थांबले. उस्ताद आपल्या सीटवर ताठ बसलेले, धुतलेला सदरा. मिस्त्रींनी प्लग काढले, वायरी सोडवल्या, गेज बसवलं आणि बॉनेटमध्ये वाकले.

"मारा," म्हणाले.

घर्र, घर्र, घर्र. स्टार्टर फिरला. मी आरोळीची वाट बघत होते. आरोळी आलीच नाही. मिस्त्रींची नजर सुईवर, आणि ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं विसरले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

सुई अर्ध्यावर थांबली होती. पाववाल्याच्या टेम्पोसारखी.

पुढचा सिलिंडर. "मारा." पुन्हा तेच. त्याच्या पुढचा. तेच.  हा माणूस, सख्ख्या मेहुण्याला न सोडणारा हा माणूस, माझ्यासमोर भरदिवसा धडधाकट इंजिनाला मारत होता. तेही ज्याने हातात गेज दिलं त्या गुरूसमोर. मिस्त्री गेज घेऊन खिडकीशी गेले आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बघा तुमच्या डोळ्यांनी."

उस्तादांनी गेज हातात घेतलं, डोळ्यांसमोर आणलं. बराच वेळ बघत राहिले.

"तेल घालून बघ," म्हणाले.

 मिस्त्रींनी चमचा आणला, तेल सोडलं, पुन्हा वाकले. "मारा." याही वेळी पुढे एक शब्द नाही. सुई थोडीशी चढून थांबली.

"रिंग गेल्या, उस्ताद."

"मग बदल की रिंग."

"मिळत नाहीत. जुनी गाडी. वहिनी उभ्याच आहेत, विचारा."

मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा! आधी सांगितलं नाही, सवरलं नाही, एकदम मलाच विहिरीत ढकललं. त्या गाडीच्या रिंगांचा अख्खा सेट माझ्या दुकानात मागच्या फळीवर होता. उस्तादांनी पूर्ण चेहरा माझ्याकडे वळवला, कारण तेवढाच समोरचा तुकडा त्यांना दिसत होता. मला माझं मोडलेलं स्टूल आठवलं. मागच्या काचेतून हात करणारी पोरं आठवली.

"नाही हो, उस्ताद," मी म्हटलं. "कंपनीने केव्हाच बंद केल्या."

उस्ताद खाली उतरले. चावी काढून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली. मग डाव्या हाताने एकेक शटर चाचपत चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशीसाठी आणलेला झेंडूचा हार मागच्या सीटवरच राहिला.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि माझा तोल गेला. "मिस्त्री, तुम्ही? तुम्ही असं करावं? आणि मला न विचारता मध्ये ओढावं?"

ते हात पुसत होते. पुसून स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसत होते.

"वहिनी, आमचं पहिलं शील माहीत आहे? कुणाचा जीव घ्यायचा नाही. खोटं बोलायचं नाही हे चौथं. पहिल्यासाठी चौथं मोडलं." मग म्हणाले, "पण मोडलं ते मोडलंच."

दुसऱ्या दिवसापासून शटर उघडताना ते पंचशील म्हणायचे आणि तिसऱ्यानंतर गप्प व्हायचे. चौथ्याएवढा वेळ नुसतं शटर वाजायचं. मग पाचवं म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं खोकला आला असेल. पण ते रोजचंच झालं. मी एकदा म्हटलंही, "आता म्हणा की." तर म्हणाले, "सुईसमोर खोटं बोललोय, वहिनी. असं लगेच कसं म्हणू?"

उस्तादांचं मात्र आम्हाला वाटलं होतं तसं झालं नाही. आठवडाभर ते खोलीबाहेर आले नाहीत. मग एका सकाळी बघते तर दाढी केलेला म्हातारा आणि त्याच्याभोवती दप्तरवाली पोरं, चालत शाळेकडे निघालेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं आजोबा पोरांना नेतायत. खरं म्हणजे पोरं आजोबांना नेत होती. डाव्या बाजूची पोरगी "आजोबा, हातगाडी!", "आजोबा, खड्डा!" असं ओरडत होती. मी आणि मिस्त्रींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नवं स्टूल आणून दिलं आणि ते पायरीच्या वर, दुकानाच्या आत ठेवायची सक्त ताकीद दिली.

पांढरी गाडी गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली उभी राहिली. उस्ताद येऊन तिच्याशेजारी बसायचे, चहा प्यायचे, पण तिला हात लावायचे नाहीत.

आता पुढचा धक्का ऐका. एका रविवारी दुपारी मी हिशेबाच्या निमित्ताने दुकान उघडलं होतं. समोरचं शटर अर्धं वर, आणि आतून इंजिनाचा आवाज. वाकून बघते तर मिस्त्री उस्तादांच्या गाडीत बसलेले, गाडी जागच्या जागी चालू. ठरवून मारलेल्या इंजिनाला हा माणूस लपून चालवत होता!

मला बघून चोरासारखे ओशाळले. "रविवारी उस्ताद भजनाला जातात. तेवढ्यात जरा चालवतो. उभं राहिलं तर जाम होईल."

"होऊ दे की. मेलंय ना ते? तुम्हीच मारलंत."

"इंजिनाने काय केलंय, वहिनी? त्याला कशाला शिक्षा?"

मग दर रविवारी हे चालायचं. शटर अर्धं खाली, ताडपत्री बाजूला, थोडा वेळ इंजिन चालवायचं, मायेने बॉनेट पुसायचं आणि उस्ताद भजनाहून यायच्या आत सगळं जसंच्या तसं. मी पहारा करायची. या वयात मला हे असले उद्योग!

आणि मग ती सकाळ. ती मला सांगवत नाही, पण सांगायलाच हवी.

गॅरेजबाहेर एक गाडी जॅकवर चढवलेली होती आणि तिच्याखालून मिस्त्रींचे पाय बाहेर आलेले. त्यात विशेष काही नव्हतं. आमच्या रस्त्याला त्यांच्या तोंडापेक्षा त्यांचे पायच जास्त ओळखीचे होते. लोक पायांशीच बोलायचे. मी चहा घेऊन गेले. "मिस्त्री, चहा ठेवलाय," म्हटलं आणि पायांजवळ ग्लास ठेवून परत आले. एक गिऱ्हाईक आलं, तेही पायांशी बोललं, गाडी कधी मिळेल विचारलं, उत्तर नाही म्हणून वैतागून गेलं. मी इथून हसले, म्हटलं, चौदा एप्रिल तर लांब आहे, आवाज कसा बसला? थोड्या वेळाने नजर ग्लासवर गेली. चहा तसाच. वर साय धरलेली. मी धावत गेले आणि पायाला हात लावला.

तो पाय गार होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. एका क्षणात गेले असतील, त्रास झाला नसेल. मी त्या गार पायांना चहाला बोलावत होते, त्यांच्यावर हसत होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गाडीचा दाब बघितल्याशिवाय न बोलणारा माणूस, काही न बोलताच गेला. मला त्यांचा राग आला. खरंच आला. असं कुणी जातं का?

जलदान विधीला घोडपदेवच्या विहारात गेले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेहुणा एका खांबाला टेकून लहान मुलासारखा रडत होता. माझ्या शेजारी उस्ताद मांडी घालून बसलेले, डावीकडे ती पोरगी त्यांचा हात धरून. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. माझ्या कानाला सवय झालेली. तिसऱ्यानंतर आता गप्प होणार असंच वाटलं. पण सगळ्या विहाराने चौथं म्हटलं, "मुसावादा वेरमणी." आणि मला हुंदका आवरेना.

उस्ताद माझ्याकडे वाकले.

"वहिनी, त्या दिवशी मी रेस दाबली नव्हती."

मी चमकून बघितलं. ते समोर फुलांतल्या फोटोकडेच बघत होते.

"मीच शिकवलं त्याला. मला कळणार नाय? सीटवर बसलो, वाट बघितली. हा ओरडला नाय. तेल घालून बघ म्हटलं, का? म्हटलं, विसरला असेल तर आता तरी ओरडेल. तरी नाय ओरडला. मग कळलं." ते आणखी जवळ वाकले. "पाय रेसवरच होता, वहिनी. दाबला असता तर सुई वर गेली असती. पण तो तोंडघशी पडला असता ना, तुमच्यासमोर. आयुष्यात खोटं न बोललेलं पोर माझ्यासाठी बोलतंय, म्हटलं कारण असणार. मी पाय उचलला."

माझ्या डोक्यात काही शिरेना. ज्या खोट्यासाठी मिस्त्री रोज सकाळी चौथ्या शीलाला मुके झाले, त्या खोट्याने कुणाला फसवलंच नव्हतं. समोरच्या माणसाने ते ओळखून, हात पुढे करून घेतलं होतं.

"अहो, मग त्यांना सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. "त्यांना किती लागलं होतं, माहीत आहे?"

"सांगितलं असतं तर चावी परत द्यायला लागला असता मला. ओळखत नाय तुम्ही त्याला? आणि दिली असती, तर मी घेतली असती." त्यांनी पोरीचा हात थोपटला. "रविवारी मी भजनाला जात नव्हतो. कोपऱ्यावर रेशनच्या दुकानापाशी उभा राहून ऐकायचो. बरं चालवायचा. आयडलिंगला, रेस सोडल्यावर, जरा कमी वाटायचं, पण बरं चालवायचा."

विधी संपल्यावर मिस्त्रींच्या बायकोने माझ्या हातात दोन चाव्या ठेवल्या. एक शटरची, एक पांढऱ्या गाडीची. "रविवारी ते कुठे जायचे ते मला माहीत होतं," एवढंच म्हणाली.

रविवारी मी शटर उघडलं. अर्धं नाही, पूर्ण. ताडपत्री काढली. मागच्या सीटवर त्या हाराची वाळलेली फुलं तशीच होती. ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. लागेना. पुन्हा फिरवली. घर्र, घर्र. मला वाटलं, आता हे इंजिनही गेलं.

"पुरी रेस दाबा!"

मी दचकून बॉनेटकडे बघितलं. तोच आवाज, हुबेहूब तोच. बॉनेटपाशी कुणी नव्हतं. कोपऱ्यावर, रेशनच्या दुकानापाशी, उस्ताद उभे होते, तोंडाशी दोन्ही हात धरून.

"वहिनी, पुरी! पुरी रेस दाबा!"

मी दाबली.